रेपो रेट बदलला की आपला हप्ता, पगार आणि किराणा कसा तपासायचा

दर दोन महिन्यांनी सकाळी १० वाजता आरबीआयचे गव्हर्नर टीव्हीवर येतात आणि दुपारपर्यंत सगळ्या ग्रुपवर ईएमआय वाढणार की कमी होणार एवढंच फिरत राहतं. पण त्याच आकड्याचा तुमच्या पगारवाढीशी पण संबंध आहे, आणि तो घरबसल्या कागद-पेन घेऊन तपासता येतो, तेच इथे सांगतो.

आधी रेपो रेट म्हणजे काय ते. बँकांना पैसे कमी पडले की सरकारी रोखे तारण ठेवून त्या आरबीआयकडून थोड्या दिवसांसाठी उसने घेतात, त्या उसनवारीचा हा व्याजदर, तो वाढला की बँका आपल्या कर्जाचं व्याज पण वाढवतात. तो सहा जणांची समिती ठरवते, तीन आरबीआयचे आणि तीन सरकारने नेमलेले, मतं समसमान पडली तर गव्हर्नरचं जास्तीचं मत. त्यांना टार्गेट दिलंय महागाई ४ टक्के ठेवायचं, २ ते ६ च्या मधे चालतं.

आता उदाहरण २०२२ चं घेऊ, कारण तेव्हा कर्ज असलेल्या प्रत्येकाला झळ बसली. मे २०२० पासून रेपो ४ टक्क्यांवर होता, मग युक्रेनचं युद्ध सुरू झालं, क्रूड (कच्चं तेल) भडकलं, सूर्यफूल तेलाचा डबा परवडेना, आणि ४ मे २०२२ ला मीटिंगची तारीख नसताना रेट ४.४० केला, तिथून चढत चढत फेब्रुवारी २०२३ मधे ६.५० झाला. म्हणजे नऊ महिन्यांत अडीच टक्के.

पहिलं काम, कर्जाचा कागद काढा. समजा ३० लाखांचं होमलोन, २० वर्षं, ७ टक्क्यांनी, तर हप्ता येतो साधारण २३,२५९. रेपोसारखंच अडीच टक्के वाढून व्याज ९.५ झालं की त्याच ३० लाखांवर महिन्याचं नुसतं व्याजच होतं २३,७५०. परत वाचा, व्याज हप्त्यापेक्षा जास्त! हप्ता तोच ठेवला तर मुद्दल एक रुपयाने पण कमी होत नाही, उलट वाढतं. खूप लोकांना वाटलं की आपला हप्ता वाढला नाही म्हणजे सुटलो, आणि इकडे मुदत वाढत गेली, रिटायरमेंटच्या पण पलीकडे. माझ्या चुलतभावाला हे स्टेटमेंट काढल्यावर कळलं, बँकेकडून आलेला मेसेज त्याने नीट वाचलाच नव्हता.

म्हणून बँकेत जाऊन तीन गोष्टी विचारा: माझं लोन रेपोला जोडलंय का, रिसेट (म्हणजे व्याज नव्या रेटप्रमाणे बदलणं) कधी होतं, आणि आत्ता किती हप्ते शिल्लक आहेत. ऑक्टोबर २०१९ नंतर बँकेकडून घेतलेली फ्लोटिंग (म्हणजे व्याज बदलत राहणारी) होमलोन बाहेरच्या बेंचमार्कला, म्हणजे बँकेच्या हातात नसलेल्या एखाद्या दराला, बहुतेक ठिकाणी रेपोलाच, जोडलेली असतात आणि दर तीन महिन्यांत किमान एकदा रिसेट व्हावीच लागतात. त्याआधीचं लोन असेल तर रेपोवर बदलून मागा, थोडा चार्ज पडेल पण हिशोब करून बघा. रेट वाढला तर हप्ता वाढवायचा की मुदत की थोडं थोडं दोन्ही, हे निवडायचा हक्क तुम्हाला आहे, २०२३ मधे आरबीआयनेच तसं बँकांना सांगितलंय. आणि रेट उतरला, जसा २०२५ मधे ६.५० वरून वर्षाअखेर ५.२५ पर्यंत आला, तर जमत असेल तर हप्ता तोच चालू ठेवा, मुदत भराभर कमी होते. वरचे पैसे आले तर मुद्दलात टाका, फ्लोटिंग होमलोनवर त्याला दंड नाही.

दुसरं काम पगाराचं, हे फार कमी लोक करतात. पगार २५,००० होता, ८ टक्के इन्क्रिमेंट मिळालं, २७,००० झाला. २०२२-२३ ची सरासरी महागाई ६.७ टक्के. २७,००० ला १.०६७ ने भागा, येतात साधारण २५,३००. म्हणजे खरी वाढ २,००० ची नाही, ३०० ची. बॉससमोर बसताना हा आकडा घेऊन बसा.

आता रेट वाढवल्याने पगार का अडतो? बिल्डरला कर्ज महाग पडतं, फ्लॅटचं बुकिंग थंडावतं, पुढच्या टॉवरचं काम लांबतं, मग सेंट्रिंगवाल्याची आणि फरशीवाल्याची हजेरी कमी होते आणि ते कमी मजुरीत पण तयार होतात. मागणी कमी करूनच महागाई उतरवायची, हेच तर औषध आहे, आणि त्याचा पूर्ण परिणाम दिसायला वर्ष-दीड वर्ष पण लागतं. मला यातलं खटकतं ते हे की त्याची किंमत आधी रोजंदारीवाला मोजतो.

आणि सगळी महागाई रेपोने उतरत पण नाही. जुलै २०२३ मधे टोमॅटोने डोळ्यात पाणी आणलं, महागाई ७.४४ टक्के झाली, पण रेट वाढवून नारायणगावच्या मार्केटात टोमॅटोचे जास्तीचे क्रेट येत नाहीत. समितीने तेव्हा रेट तसाच ठेवला, मला ते बरोबर वाटतं.

अजून एक गफलत टाळा. ऑक्टोबर २०२५ ला महागाई ०.२५ टक्के आली म्हणून सगळंच स्वस्त झालं असं नाही, सरासरी भाव चढायचे जवळपास थांबले एवढंच, आधी चढलेली सरासरी तशीच राहिली.

सरकारी नोकरांना जानेवारी-जुलैला डीए (महागाई भत्ता) वाढवून मिळतो, राज्याच्या किमान वेतनात पण सहा महिन्यांनी विशेष भत्ता बदलतो, पण घरकामाच्या मावशींना यातलं काहीच आपोआप मिळत नाही. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींचे २०२१-२२ पासून २,५०० च चालू होते. मी तीन वर्षांची महागाई लावली, ६.७, ५.४ आणि ४.६, कॅल्क्युलेटरवर २,५०० गुणिले १.०६७ गुणिले १.०५४ गुणिले १.०४६, आले २,९४१. म्हणजे नुसतं जिथे होत्या तिथे राहायला त्यांना एवढे लागत होते. १ तारखेपासून ३,२०० केले, आणि आता दर एप्रिलला हाच हिशोब परत करतो.