साउंड कार्ड बदलण्यापूर्वी : घरच्या संगीत-संगणकावर या चुका टाळा

गणेशोत्सवाच्या आधीचे दोन महिने आणि चैत्रात जोतिबाच्या यात्रेआधीचा महिना, या दिवसांत माझ्याकडे एकाच प्रकारचे फोन येतात. भक्तिगीताचे रेकॉर्डिंग अर्ध्यावर आलेले असते, गायकाला वेळ दिलेली असते आणि नेमक्या तेव्हाच आवाजात कडकड सुरू होते, एक बाजू बंद पडते किंवा कार्ड मध्येच गप्प होते. फोन करणाऱ्याने निदानही केलेले असते : ‘साउंड कार्ड गेले.’ त्यानंतर आपण काय काय करून पाहिले याची यादी तो सांगतो आणि ती ऐकताना वाईट वाटते, कारण मी पाहिलेल्या बहुतेक घरांत कार्ड शाबूत होते. जे नुकसान झाले होते ते दुरुस्तीच्या घाईने केले होते. आवाज संगणकात नेणारे आणि बाहेर आणणारे हे यंत्र कॅबिनेटमधल्या स्लॉटमध्ये बसणारे कार्ड असो की यूएसबीने जोडलेला इंटरफेस, दोन्हींच्या बाबतीत हेच घडते.

फॉरमॅट हा पहिला उपाय नव्हे

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत राहणारे एक कीबोर्डवादक आपल्या भजनी मंडळासाठी अभंगांचे रेकॉर्डिंग करत होते. दिवसा ते एकटे बसून कीबोर्डचे ट्रॅक भरत, तेव्हा सगळे सुरळीत चाले. संध्याकाळी मात्र दर दहा-पंधरा मिनिटांनी आवाज फुटे, आणि कधी कधी कार्ड संगणकाच्या यादीतूनच नाहीसे होई. एका दुकानदाराने व्हायरस आहे असे सांगितले, दुसऱ्याने संध्याकाळी व्होल्टेज पडते म्हणून स्टॅबिलायझर विकला. त्यांनी दोन वेळा विंडोज फॉरमॅट केले. दुसऱ्या वेळी डी ड्राइव्हही पुसली गेली आणि तिच्यातच मंडळातल्या वयोवृद्ध बुवांनी गायलेले तीन अभंग होते. त्या पावसाळ्यानंतर बुवांचा आवाज बसला. ते अभंग पुन्हा त्या आवाजात मिळाले नाहीत.

मी गेलो तेव्हा पहिल्या दिवशी स्क्रू ड्रायव्हर बाहेरच काढला नाही. दिवसा जे नसते आणि संध्याकाळी जे असते असे या खोलीत काय आहे, एवढेच मला पाहायचे होते. गायक दिवसभराचे काम संपवून संध्याकाळी येत, म्हणून कंडेन्सर माईक आणि त्याला लागणारी ४८ व्होल्टची फँटम पॉवर (कार्डाने माईकच्या केबलमधूनच पुरवलेली वीज) फक्त संध्याकाळी सुरू होई. कार्ड, कीबोर्ड आणि बाहेरची हार्ड डिस्क ही तिन्ही एका साध्या यूएसबी हबला (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या डबीला) जोडलेली होती आणि त्या हबला स्वतःचा अडॅप्टर नव्हता. यूएसबी २.० च्या पोर्टमधून ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर एवढाच प्रवाह मिळणे अपेक्षित असते, ३.० च्या पोर्टमधून ९००. तेवढ्यात तिघांचे भागवायचे होते. फँटम पॉवरचे बटण दाबले की कार्डाची गरज वाढे, त्यात हार्ड डिस्क फिरू लागली की व्होल्टेज खाली येई आणि कार्ड बंद होऊन पुन्हा सुरू होई. कार्डाची केबल कॅबिनेटच्या मागच्या पोर्टमध्ये थेट लावली आणि हार्ड डिस्क दुसऱ्या पोर्टवर नेली. त्यानंतर ती तक्रार आली नाही. या उपायाला एक रुपयाही लागला नाही.

म्हणून माझी सवय अशी आहे की संगणकाशेजारी एक वही ठेवायची. बिघाड किती वाजता झाला, त्या क्षणी काय काय चालू होते आणि आवाज नेमका कसा होता, या तीन गोष्टी प्रत्येक वेळी लिहायच्या, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची. नवशिक्यांना हे कंटाळवाणे वाटते हे मला ठाऊक आहे. पण ड्रायव्हर, केबल आणि पोर्ट एकाच दुपारी बदलून ज्याची अडचण सुटली, त्याला ती कशाने सुटली हे कळत नाही, आणि पुढच्या वेळी तो पुन्हा तिथेच अडकतो.

विंडोजवरच संशय असेल, तर ती पुसण्याची गरज नसते. पेनड्राइव्हवर उबुंटू ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम घेऊन संगणक त्यावरून सुरू करावा, इन्स्टॉल न करता तसाच चालवावा आणि कार्डातून अर्धा तास आवाज वाजवून ऐकावा. तिथेही कडकड आली तर दोष यंत्रात किंवा जोडणीत आहे. तिथे आवाज स्वच्छ आला तर ड्रायव्हर आणि विंडोजची मांडणी तपासावी. हार्ड डिस्कवरील एकाही फाइलला यात हात लागत नाही.

अर्थिंगची पिन काढू नका

स्पीकरमधून सतत घरघर येऊ लागली की कोणी तरी जाणकार म्हणवणारा प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाकायला सांगतो. या सल्ल्याइतका राग मला दुसऱ्या कशाचाही येत नाही.

संगणक एका सॉकेटवर आणि स्पीकर खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या सॉकेटवर असला की जमिनीकडे जाण्याच्या दोन वाटा तयार होतात आणि ऑडिओ केबलच्या बाहेरच्या जाळीतून नको असलेला प्रवाह वाहू लागतो. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून ही घरघर ५० हर्ट्झची आणि १००, १५० अशा तिच्या पटींची असते. पिन काढली की एक वाट तुटते, घरघर थांबते आणि सगळ्यांना आनंद होतो. मात्र त्याच पिनमुळे यंत्रातला बिघाडाचा प्रवाह जमिनीत जातो. ती नसेल तर तो प्रवाह गिटारच्या तारांना किंवा माईकच्या जाळीला लागलेल्या माणसातून जातो.

मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घरात हे घडलेले आहे. तिथे तीन पिनांचे सॉकेट होते, पण तिसऱ्या भोकामागे तारच नव्हती आणि आम्हाला ते माहीत नव्हते. संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये गोंगाट गाळण्यासाठी जे कपॅसिटर असतात, त्यांच्यामुळे अर्थिंग नसताना कॅबिनेटच्या पत्र्यावर मुख्य विजेच्या जवळपास निम्मे व्होल्टेज येते. त्यामागचा प्रवाह अगदी थोडा असतो, पण झिणझिण्या येतात. माझी धाकटी बहीण रियाझाला बसली असता तिचे ओठ माईकच्या जाळीला लागले आणि ती किंचाळून मागे झाली. त्या दिवशी मी रेकॉर्डिंग बंद केले आणि वायरमनला बोलावले. अर्थिंगची तार जोडलेली नव्हती, आणि परसातला अर्थिंगचा खड्डाही उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत पडला होता. मीठ आणि कोळसा भरून नवा खड्डा केला, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच वीज तोडणारा स्विच, बसवला. आजही उन्हाळ्यात मी त्या खड्ड्यात पाणी ओततो.

घरघरीचा खरा उपाय असा : लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहावे, घरघर गेली तर दोष विजेच्या जोडणीत आहे, कार्डात नाही. मग संगणक, स्पीकर आणि मिक्सर एकाच सॉकेटवरून निघालेल्या एका चांगल्या बोर्डाला जोडावेत आणि स्पीकरपर्यंत बॅलन्स्ड केबल, म्हणजे दोन तारा आणि जाळी असलेली, बाहेरचा गोंगाट खोडून टाकणारी केबल वापरावी. एवढ्यानेही भागले नाही, तर ऑडिओच्या वाटेवर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालावा, तो दोन्ही बाजूंच्या तारा थेट न जोडता आवाज पलीकडे नेतो.

बफर लहान ठेवण्याचा हट्ट

बफर म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, आणि तो सॅम्पलमध्ये, म्हणजे आवाजाच्या एकेका मोजणीत, मोजतात. बफर ६४ सॅम्पलवर ठेवून त्यावर दहा प्लगइन (आवाजावर परिणाम करणारी जोड-सॉफ्टवेअर) चालवणारे तरुण मला सतत भेटतात. ४८,००० हर्ट्झला ६४ सॅम्पल म्हणजे संगणकाला प्रत्येक वेळी जेमतेम १.३ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात हिशेब पुरा झाला नाही की टिकटिक ऐकू येते आणि दोष कार्डावर येतो. गाताना १२८ किंवा २५६ ठेवावे, मिक्सिंगला १०२४. २५६ चे ५.३ मिलिसेकंद गाणाऱ्याला खुपत नाहीत. मोठ्या बफरवरही टिकटिक राहिली, तर लेटन्सीमॉन हे तपासणीचे सॉफ्टवेअर चालवून कोणता ड्रायव्हर वेळ खातो ते पाहावे. माझ्या अनुभवात अनेकदा तो वाय-फायचा निघतो. रेकॉर्डिंगच्या वेळी वाय-फाय बंद करायला फार कष्ट पडत नाहीत.

सॅम्पल रेटची, म्हणजे सेकंदाला किती सॅम्पल घेतले जातात त्या आकड्याची, गफलतही बिघाडासारखीच भासते. ४४,१०० हर्ट्झचे रेकॉर्डिंग ४८,००० ने वाजले तर ते सुमारे ९ टक्के जलद होते आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्या सलग मोजल्या तर पेटीच्या जवळपास दीड पट्टीने वर चढते. पांढरी एकमधले गाणे काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मध्येच कुठे तरी लटकते आणि पेटी जुळेनाशी होते. गाणे, कार्ड आणि विंडोज या तिन्ही ठिकाणी एकच आकडा ठेवावा.

ड्रायव्हर शोधून देणारी फुकट सॉफ्टवेअर वापरू नयेत. कार्डाच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावरूनच तो घ्यावा. विंडोजच्या पॉवर सेटिंगमधील यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवण्यासाठी यूएसबी यंत्राला झोपवणारी सोय) बंद करावे. स्पीकर सर्वांत शेवटी सुरू करावेत आणि सर्वांत आधी बंद करावेत.

पावसाळा

कोल्हापूरचा पाऊस यंत्रांना सोसत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर माझ्याकडे असे संगणक आले जे पाण्यात बुडाले नव्हते, पण महिनाभर ओलसर खोलीत बंद पडून होते. जॅकच्या आतील पत्र्यांवर गंज आणि कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर मळाचा थर होता. सकाळी कडकड आणि यंत्र तापल्यावर सुधारणा, असा क्रम दिसला की मी आधी याच जागा पाहतो. वीज पूर्ण काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोल सुती कापडावर घेऊन पट्ट्या पुसाव्यात आणि कार्ड नीट दाबून बसवावे. खोडरबराने घासण्याची पद्धत सर्रास चालते, पण त्याने सोन्याचा पातळ मुलामाही निघतो, म्हणून मी ती वापरत नाही. पेट्रोल आणि थिनर तर कधीच वापरू नये. पावसाळ्यात संगणक वापरात नसला, तरी आठवड्यातून एकदा तासभर सुरू ठेवावा.

इतके करूनही शंका उरली, तर कार्डाची सरळ परीक्षा घ्यावी. स्पीकर बंद करून कार्डाचा आउटपुट केबलने त्याच्याच इनपुटला जोडावा, १००० हर्ट्झचा स्थिर स्वर सोडून तो अर्धा तास रेकॉर्ड करावा आणि मग लाट मोठी करून पाहावी. तिच्यात खंड दिसले, तर केबल बदलून आणि डाव्या-उजव्या बाजू उलटून हेच पुन्हा करावे. दोष केबलबरोबर सरकला तर केबल खराब आहे. तो त्याच जॅकवर राहिला तर जॅकचे सोल्डर सुटलेले असू शकते, आणि ते चांगला कारागीर थोडक्या खर्चात जोडून देतो. कार्डावरचे कपॅसिटर वरून फुगलेले दिसले किंवा यंत्र तापत गेले तसा आवाज अधिकाधिक फाटू लागला, तरच मी कार्ड गेले असे म्हणतो, आणि तेव्हाही नवे घेण्याआधी ते एकदा दुसऱ्या संगणकावर लावून ऐकतो.