आयईएलटीएसचं लिसनिंग आणि रीडिंग: या चुका टाळा

परदेशी जायला लागणाऱ्या आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचे ढीगभर पेपर सोडवूनही सहा बँडवर, म्हणजे तिथल्या गुणांच्या सहाव्या पायरीवर, अडकलेला विद्यार्थी समोर आला की मी पहिल्यांदा त्याची वही मागते. वहीत 40 पैकी किती बरोबर त्याचे आकडे असतात. 22, 24, 23, 24. तारीखवार, कधी कधी रंगीत पेनाने. नेमकं काय चुकलं, का चुकलं, हे मात्र एका ओळीतही नसतं. रोज वजनकाट्यावर उभं राहून वजन उतरत नाही, एवढं तरी कळायला हवं की नाही? पण 'पंधरा दिवसांत सात बँड'वाल्या जाहिराती वाचून आलेल्याला चुकलेल्या उत्तरावर अर्धा तास बसायला सांगितलं की त्याचं तोंड वाकडं होतं. त्याला पुढचा पेपर हवा असतो.

तर माझ्या डोक्यात जाणाऱ्या चुका सांगते. सगळ्या सारख्या महत्त्वाच्या नाहीत, त्यामुळे जिथे राग जास्त तिथे जास्त लिहिणार.

फॉल्स आणि नॉट गिव्हन

रीडिंगच्या उताऱ्यावर काही विधानं दिलेली असतात, प्रत्येक विधान ट्रू, फॉल्स की नॉट गिव्हन ते ठरवायचं. नियम तसा साधा आहे. विधान उताऱ्याशी जुळत असेल तर ट्रू. उतारा त्याच्या उलट सांगत असेल तर फॉल्स. त्या मुद्द्यावर उतारा गप्प असेल तर नॉट गिव्हन. नियम सगळ्यांना पाठ असतो आणि तरी मार्क इथेच जातात.

निफाडकडचा एक मुलगा होता. बीएस्सी ॲग्री झालेला, घरची द्राक्षबाग, ऑस्ट्रेलियाला मास्टर्सला जायचं होतं. मी सरावाला दिलेला उतारा नेमका द्राक्षांवरचा होता. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा ही मुळांवर जगणारी कीड अमेरिकेतून फ्रान्सात पोचली, तिथल्या बागाच्या बागा वाळल्या, आणि शेवटी अमेरिकन वेलींच्या खुंटावर, म्हणजे मुळाकडच्या भागावर, फ्रेंच वेलींचं कलम करून बागा वाचवाव्या लागल्या, ती हकीकत. गडी खूश. सगळ्यांच्या आधी पेन खाली ठेवून बसला. मार्क मात्र वर्गात सगळ्यात कमी त्यालाच.

एक विधान होतं की अमेरिकन खुंट पाण्याचा ताणही सहन करतात. त्याने ठोकलं ट्रू. मी म्हटलं, नॉट गिव्हन. तो उखडलाच. "मॅडम, आमची बाग डॉगरिजवर आहे. पाणी कमी, त्यात खारं, म्हणून तर डॉगरिज लावतात. तो अमेरिकन खुंटच आहे. कुठल्याही बागायतदाराला विचारा!" विचारायची गरजच नव्हती, त्याचं म्हणणं बरोबरच होतं. पण उताऱ्यात खुंटाची गोष्ट होती ती किडीपुरती. दुष्काळ, पाणी, सिंचन, कशाचंही नाव नव्हतं. परीक्षेला त्याच्या बागेशी काही देणंघेणं नाही.

पुढचं विधान होतं की फ्रेंच बागायतदारांनी हा उपाय आनंदाने स्वीकारला. हे त्याने नॉट गिव्हन केलं, का तर 'आनंदाने' असा शब्द उताऱ्यात सापडला नाही. उताऱ्यात सरळ लिहिलं होतं की अनेकांनी कलमाला बरीच वर्षं विरोध केला आणि औषधांनीच कीड मरेल म्हणून अडून बसले. म्हणजे फॉल्स. एकीकडे उताऱ्यात नसलेलं घरून आणलं, दुसरीकडे उताऱ्यात असलेलं दिसलं नाही, कारण डोळे फक्त शब्द शोधत होते.

तेव्हापासून माझ्या वर्गात बोट ठेवायची सक्ती आहे. ट्रू म्हणतोस? दुजोरा देणाऱ्या ओळीवर बोट ठेव. फॉल्स म्हणतोस? विधान खोटं पाडणाऱ्या ओळीवर बोट ठेव. दोन्हीकडे बोट टेकायला जागा नाही, मग नॉट गिव्हन लिही आणि पुढे चल. या प्रकारातले प्रश्न उताऱ्याच्या क्रमानेच येतात. तिसऱ्या आणि पाचव्या प्रश्नाची ओळ सापडली असेल तर चौथ्याचं जे काही असेल ते त्या दोन ओळींच्या मधेच. तेवढा पट्टा दोनदा वाचायचा. अख्खा उतारा पुन्हा पहिल्यापासून चाळत बसलेला विद्यार्थी मला लांबूनही ओळखू येतो, पान उलटसुलट करण्याच्या आवाजावरून.

आणि 'ओन्ली' किंवा 'ऑल' दिसलं की डोळे मिटून फॉल्स, हा जो उपदेश व्हिडिओंमधून चालतो, त्यावर मी बोलणं सोडून दिलंय. पेपर काढणारे इतके भोळे नसतात. हे शब्द दिसले की थांबायचं आणि उताऱ्यातही तेवढंच म्हटलंय का ते बघायचं. उताऱ्यात 'मोस्ट' आणि विधानात 'ऑल' असेल तर खेळ तिथेच आहे.

लिसनिंगचा सराव पॉझ दाबून

परीक्षेत ऑडिओ एकदाच वाजतो. चार भाग, 40 प्रश्न, साधारण अर्धा तास. हे माहीत असूनही घरी सराव कसा? पॉझ, मागे, पुन्हा, थोडं मागे. मग 36 आले म्हणून आईला फोन. आणि केंद्रावर 25 आले की म्हणायचं, "मॅडम, आवाज फार फास्ट होता." आवाज तोच होता बाळा, तुझं बटण तिथे नव्हतं.

मी एक रेकॉर्डिंग तीनदा ऐकायला लावते, पण तिन्ही वेळा वेगवेगळ्या कामासाठी. पहिल्यांदा परीक्षेसारखं, सलग, काही झालं तरी न थांबवता. उत्तरं तपासायची, पण फक्त बरोबर की चूक एवढंच बघायचं, खरं उत्तर झाकून ठेवायचं. दुसऱ्यांदा चुकलेल्या जागा पकडायला ऐकायचं, इथे हवं तितकं मागे-पुढे करा. तिसऱ्यांदा लिहिलेला मजकूर समोर धरून. यातली तिसरी पायरी आधीच उरकणारे असतात. मजकूर वाचत ऐकलं की सगळंच समजल्यासारखं वाटतं. सबटायटल लावून सीरिज बघणाऱ्यांचंही तेच. बघा खुशाल, पण त्याला सराव म्हणू नका, ते वाचन आहे.

या तिसऱ्या फेरीत एक गोष्ट बहुतेक सगळ्यांना सापडते. आपण शाळेत इंग्रजी अक्षरं बघून शिकलो, म्हणून कान प्रत्येक अक्षराची वाट बघतो. आपण म्हणतो कम्फर्टेबल, तिकडचा माणूस म्हणतो कम्फ्टबल. आपलं व्हेजिटेबल, त्याचं व्हेज्टबल. 'कान्ट'मधला शेवटचा ट तर कधी कधी गिळलेलाच असतो, आणि नकाराचा होकार होतो तो तिथेच. ऑस्ट्रेलियन माणसाने स्पेलिंग सांगताना म्हटलेला ए आपल्या कानाला आय वाटू शकतो. पहिल्या भागात फॉर्म भरताना आडनाव चुकतं ते यामुळे. उपाय कंटाळवाणा आहे: रोज एक मिनिटाचा ऑडिओ घ्यायचा आणि शब्द न् शब्द लिहून काढायचा. डिक्टेशन. ही जुनी शाळकरी पद्धत आहे आणि हल्लीच्या कुठल्याही ॲपपेक्षा माझा तिच्यावर विश्वास जास्त आहे. सुरुवातीला एका मिनिटाला वीस मिनिटं लागतात. लागू देत.

दुसरा हट्ट सुटलेल्या उत्तराचा. 14वा प्रश्न हुकला, मुलगी तिथेच हळहळत बसली, वर बघते तर 18वा चाललाय. एकाच्या बदल्यात पाच गेले. सुटलं की रेघ मारायची आणि डोळे पुढच्या प्रश्नावर. चौथ्या भागात हे फार महाग पडतं, कारण ते सलग व्याख्यान असतं. आधीच्या भागांसारखा मधे प्रश्न वाचायला थांबा मिळत नाही, दहाही प्रश्न सुरुवातीलाच वाचून घ्यावे लागतात.

आणि ऐकलेला पहिलाच आकडा किंवा वार लिहून मोकळं होऊ नका. "मंगळवारी येते... नाही, थांबा, गुरुवार" असं बोलणारी माणसं पहिल्या भागात हमखास भेटतात.

बाकीच्या, भराभर

शब्दमर्यादा. 'दोनपेक्षा जास्त शब्द नको' म्हटल्यावर तीन लिहिले तर उत्तर कितीही बरोबर असो, मार्क शून्य.

अनेकवचनाचा एस. ऐकू येत नसेल तर वाक्याचं व्याकरण बघा, तेच सांगतं.

पहिल्या उताऱ्यावर अर्धा तास. रीडिंगला तीन उतारे आणि 60 मिनिटं, आणि उताऱ्यांची काठिण्यपातळी बहुधा चढतीच असते. उत्तरं उतरवायला वेगळा वेळ रीडिंगमध्ये मिळत नाही. लिसनिंगमध्येही ती 10 मिनिटं कागदी परीक्षेतच असतात. संगणकावर तपासायला 2 मिनिटं मिळतात, तेव्हा उत्तर ऐकता ऐकताच टाइप करायची सवय हवी.

प्रत्येक अनोळखी शब्दाला डिक्शनरी. नको. विषय प्रवाळाचा असेल तर प्रवाळांच्या जातींची नावं इंग्रजांनाही येत नसतात.

कोरं उत्तर. निगेटिव्ह मार्किंग नाही. रिकामी जागा सोडणारा मला आळशीच वाटतो.

सोपं असतं म्हणून जनरल ट्रेनिंग. कुठली परीक्षा द्यायची ते तुम्ही कुठे चाललात यावर ठरतं: विद्यापीठाला ॲकॅडेमिक, कॅनडाच्या पीआरला, म्हणजे तिथे कायम राहायच्या परवान्याला, जनरल. आणि सोप्या उताऱ्यांची भरपाई मार्कांत होते. ॲकॅडेमिक रीडिंगला साधारण 30 बरोबर आले की सात बँड. जनरलला 30 वर सहाच, सातला 34 लागतात.

संगणकावर परीक्षा आणि सराव सगळा झेरॉक्सवर. पेन्सिलीने अधोरेखित करायची सवय स्क्रीनवर उपयोगाची नाही. तिथे माउसने ओळ निवडून हायलाइट करता येतं. तो हात आधी बसवा.

शेवटचं, हेडफोन. रेकॉर्डिंग सुरू होण्याआधी आवाज तपासायला देतात. एका कानात कमी येतंय, खरखर आहे, मागच्याचा की-बोर्ड जास्त ऐकू येतोय, जे असेल ते तिथल्या तिथे हात वर करून सांगा. पेपर संपल्यावर बाहेर येऊन मला फोन करून सांगू नका.