जर्मनीत शिकताना काम किती तास करायचं? या चुका टाळा

जर्मनीत मास्टर्सला गेलेली आपली मुलं कामाचे तास ठरवताना बहुधा एकाच आकड्यावर अडतात: महिना ६०३ युरो. २०२६ साठी मिनीजॉबची, म्हणजे विम्याच्या मोठ्या कपातीशिवाय करता येणाऱ्या छोट्या नोकरीची, ही मर्यादा. १३.९० युरो किमान वेतनाने आठवड्याला दहा तासांत ती गाठली जाते, आणि ‘पुढचं सगळं कापलं जातं’ म्हणून जास्तीची शिफ्ट सोडली जाते.

ही समजूत सगळ्यांत महागात पडते. वेर्कष्टुडेंट (शिकता शिकता नोकरी करणारा विद्यार्थी) म्हणून ७०० युरो मिळाले, तरी विद्यार्थी आरोग्य विम्याचा हप्ता तोच राहतो. पगारातून जातो फक्त पेन्शनचा वाटा, तोही ६०३ पासून शून्याने सुरू होऊन २,००० युरोंपर्यंत हळूहळू ९.३ टक्क्यांवर पोचतो. ७०० वर कपात साधारण १३ युरो. म्हणजे वरच्या ९७ पैकी ८४ हातात पडतात.

जपायचं ते २० तासांना. सेमिस्टर चालू असताना आठवड्याला त्याहून जास्त काम केलं, तर साधारणपणे विम्याची विद्यार्थी सवलत जाते. सुट्टीत मात्र जास्त तास चालतात.

व्हिसावर कामासाठी मिळणाऱ्या दिवसांचा हिशेब न ठेवणं ही आणखी एक चूक. मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस मिळतात. चार तासांपर्यंत अर्धा दिवस. साडेचार तासांची शिफ्ट पूर्ण दिवस खाते. विद्यापीठातलं हिवीचं (विद्यार्थी सहाय्यकाचं) काम यात धरत नाहीत, म्हणून ते मिळत असेल तर आधी तेच घ्या. परवानगीशिवाय फ्रीलान्सिंग अजिबात नको.

सुट्टीत पूर्णवेळ काम केलं आणि कर कापला गेला, तर तो गेला असं समजू नका. वर्षाचं करपात्र उत्पन्न १२,३४८ युरोंच्या आत असेल तर रिटर्न भरून परत मिळतो. मुदत चार वर्षांची आहे.

आता रुपयांबद्दल. घरी कर्जाचा हप्ता चालू असला की प्रत्येक तास रुपयांत मोजला जातो, आणि परीक्षेच्या महिन्यातही शिफ्ट नाकारवत नाही. ही ओढ खरी आहे, पण हिशेब अपुरा आहे. ब्लॉक्ड अकाउंटच्या (व्हिसासाठी राहण्या-खाण्याचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं) महिना ९९२ युरोंनी धरलं, तरी एक सेमिस्टर लांबलं की जवळपास सहा हजार युरो जातात, शिवाय नोकरीचा पहिला पगार सहा महिने मागे पडतो. पेपर राहिला तर त्या शिफ्टची कमाई ही भरपाई करू शकत नाही. म्हणून सेमिस्टरच्या सुरुवातीलाच परीक्षांच्या तारखा मॅनेजरला लेखी कळवा, आणि उरलेल्या आठवड्यांतच तास वाढवून मागा.