‘दोन टक्के’ म्हणजे खात्यात किती कमी? ऑनलाइन पैशांवरच्या कपातीचा हिशोब

दापोलीच्या बागायतदाराने ठाण्याच्या गिऱ्हाइकाला हापूसच्या दोन पेट्यांसाठी पेमेंट लिंक पाठवली. गिऱ्हाइकाने क्रेडिट कार्डावरून ६,००० रुपये भरले. दोन दिवसांनी खात्यात जमा झाले ५,८५८ रुपये ४० पैसे. लिंक घेताना कंपनीच्या माणसाने ‘फक्त दोन टक्के’ सांगितलं होतं, म्हणजे १२० रुपये. मग १४१ रुपये ६० पैसे का गेले? वरचे २१ रुपये ६० पैसे हा त्या १२० वरचा १८ टक्के जीएसटी. त्यामुळे कुणी तोंडी ‘दोन टक्के’ म्हणालं की वहीत २.३६ लिहायचं.

आणि हेच सहा हजार त्याच गिऱ्हाइकाने क्यूआर स्कॅन करून, आपल्या बँक खात्यातून यूपीआयने टाकले असते तर? पूर्ण सहा हजार आले असते. माल तोच, माणूस तोच. पैसे कोणत्या वाटेने आले, एवढाच फरक. म्हणून ‘ऑनलाइनला किती कापतात?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. प्रत्येक वाटेचा दर वेगळा धरावा लागतो.

वाशीच्या बाजारातून आडत्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, येते तेव्हा गाडीभाडं, हमाली वजा होऊन आकडा येतो, तसंच हे. फरक इतकाच की पट्टीवर प्रत्येक कपात लिहिलेली असते, इथे बँकेच्या मेसेजमध्ये फक्त शेवटची रक्कम दिसते. या कपातीला एमडीआर म्हणतात. त्यात तीन वाटेकरी: गिऱ्हाइकाला कार्ड देणारी बँक, व्हिसा किंवा मास्टरकार्डसारखं कार्डांचं जाळं, आणि तुम्हाला मशीन, क्यूआर किंवा लिंक देणारी बँक वा कंपनी. सर्वात मोठा वाटा सहसा गिऱ्हाइकाच्या बँकेचा, त्याला इंटरचेंज म्हणतात. तुम्ही घासाघीस करू शकता ती फक्त तिसऱ्या वाट्यावर.

वाटेनुसार दर

बँक खात्यातून आलेलं यूपीआय आणि रुपे डेबिट कार्ड: १ जानेवारी २०२० पासून एमडीआर शून्य. मासळीवाली असो की रिसॉर्ट, सगळ्यांना सारखंच. पण यूपीआय म्हटलं की डोळे मिटून शून्य धरू नका, तीन जागी फट आहे.

पहिली, रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून केलेलं पेमेंट. गिऱ्हाईक क्यूआरच स्कॅन करतो, तुम्हाला वाटतं यूपीआय आलं, पण पैसे क्रेडिट कार्डातून आलेले असतात. छोट्या दुकानदाराला २,००० रुपयांपर्यंत यावर एमडीआर नाही, त्यावरच्या रकमेला क्रेडिट कार्डासारखी कपात होते. दुसरी, वॉलेटच्या शिलकीतून यूपीआयने आलेली २,००० च्या वरची रक्कम. यावर १ एप्रिल २०२३ पासून १.१ टक्क्यांपर्यंत इंटरचेंज आहे. ते तुमची बँक सोसते की तुमच्याकडून घेते, हे करारावर ठरतं. तिसरी फट लोकांच्या सर्वात कमी लक्षात येते: पेमेंट गेटवे, म्हणजे लिंक किंवा वेबसाइटवरून पैसे घ्यायची सोय देणारी कंपनी. एमडीआर शून्य असला तरी गेटवे कंपनी आपली लिंक, डॅशबोर्ड, पावत्या यांचं ‘प्लॅटफॉर्म फी’ म्हणून वेगळं घेऊ शकते, आणि काही कंपन्या ते यूपीआयवरही लावतात. त्यामुळे तुमच्या दुकानातल्या क्यूआरवर आलेलं यूपीआय फुकट आणि वेबसाइटवरून आलेलं यूपीआय दोन टक्क्यांचं, असं एकाच दिवशी होऊ शकतं.

व्हिसा, मास्टरकार्ड डेबिट: इथे रिझर्व्ह बँकेची कमाल मर्यादा आहे, २०१८ पासून. आदल्या आर्थिक वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर जास्तीत जास्त ०.४० टक्के आणि एका व्यवहाराला २०० रुपयांच्या वर नाही. २० लाखांच्या वर उलाढाल गेली की ०.९० टक्के, कमाल १,००० रुपये. म्हणजे छोट्या दुकानात ४,००० रुपयांचे काजू डेबिट कार्डावर गेले तर १६ रुपये आणि त्यावर जीएसटी २ रुपये ८८ पैसे. छोट्या दुकानाच्या स्टेटमेंटमध्ये डेबिट कार्डाला, जीएसटी सोडून, ०.४० टक्क्याच्या वर कपात दिसली, तर बँकेने तुम्हाला चुकीच्या गटात टाकलं आहे किंवा मर्यादेबाहेरचं काहीतरी जोडलं आहे. लेखी विचारा. उलाढालीचा पुरावा म्हणून आदल्या वर्षाचं विवरणपत्र दिलं की गट बदलता येतो. हे काम दरवर्षी एप्रिलमध्ये एकदा करून टाकायचं.

क्रेडिट कार्ड: इथे रिझर्व्ह बँकेची मर्यादा नाही. साधारण दीड ते अडीच टक्के, कार्डाच्या प्रकारावर. परदेशी कार्डाला तीन टक्के किंवा त्याहून जास्त. रत्नागिरीकडची कितीतरी घरं आखाती देशांत आहेत आणि तिथून घरच्यांसाठी आंब्याची ऑर्डर येते. १०,००० रुपयांच्या ऑर्डरवर तीन टक्के अधिक जीएसटी म्हणजे ३५४ रुपये. त्या गिऱ्हाइकाला भारतातल्या खात्यातून किंवा गावच्या नातेवाइकाकडून यूपीआय करायला सांगणं दोघांच्या सोयीचं.

जीएसटीबद्दल एक बारीक गोष्ट. २,००० रुपयांपर्यंतच्या कार्डव्यवहाराच्या जमेवर बँक जे घेते, त्याला जीएसटी माफ आहे. स्टेटमेंटमध्ये ८०० रुपयांच्या कोकम आगळाच्या बिलावर जीएसटी लागलेला दिसला तर तो कशाचा आहे ते विचारावं. आणि भरलेल्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट, म्हणजे आपल्या करातून मिळणारी वजावट, सगळ्यांना मिळत नाही. कॉम्पोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या ठोक दराच्या जीएसटी योजनेत, असाल तर नाही. नुसता ताजा आंबा विकत असाल तरी नाही, कारण ताज्या फळावर जीएसटीच नाही. आंबापोळी, पल्प करणाऱ्या नियमित नोंदणीच्या कारखान्याला मिळतं.

टक्के बिलावर, नफ्यावर नाही

सहा हजारांच्या ऑर्डरमध्ये ९०० रुपये कुरिअरचे असतील तर त्या ९०० वरही २१ रुपये २४ पैसे कापले जातात, जरी ते पैसे तुम्ही दुसऱ्या दिवशी कुरिअरवाल्याच्या हातात ठेवणार असलात. खत, फवारणी, राखण, पेट्या, पेंढा जाऊन त्या सहा हजारांत ६०० सुटत असतील, तर १४१ रुपये ६० पैसे म्हणजे नफ्याचा जवळजवळ चौथा हिस्सा.

कपात भरून काढायला किंमत वाढवताना बहुतेक जण एक चूक करतात. सहा हजारांवर २.३६ टक्के चढवून ६,१४१ रुपये ६० पैसे लावतात. पण कपात आता या वाढलेल्या रकमेवर होते, आणि हातात येतात ५,९९६ रुपये ६६ पैसे. बरोबर रीत भागायची: ६,००० भागिले ०.९७६४, म्हणजे ६,१४५ रुपये. साडेतीन रुपयांनी काय होतं, असं म्हणाल. शंभर पेट्यांच्या हंगामात नियमच चुकीचा राहायला नको.

मात्र हा फरक बिलावर ‘कार्ड चार्ज’ म्हणून वेगळा लिहू नका. डेबिट कार्डावर एमडीआर गिऱ्हाइकाकडून घ्यायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०१७ सालीच बँकांना बजावलं आहे. किंमतपत्रकातच थोडी जागा ठेवा आणि यूपीआयवाल्याला सूट द्या: ‘यूपीआय केल्यास १०० रुपये कमी’. वाढ लावलेली कुणाला आवडत नाही, सूट मिळालेली चाकरमानी चार जणांना सांगतो.

होमस्टेचा ॲडव्हान्स

तारकर्ली, गुहागर, दिवेआगरकडच्या घरगुती होमस्टेवाल्यांचं नुकसान बहुतेक परतफेडीत होतं. ८,००० रुपयांचं बुकिंग लिंकवरून पूर्ण घेतलं, वादळाचा इशारा आला, पाहुण्यांनी रद्द केलं, तुम्ही भल्या मनाने पूर्ण पैसे परत केले. पाहुण्याला ८,००० मिळाले. तुमचे १८८ रुपये ८० पैसे मात्र गेलेच, कारण परतफेड केली तरी कापलेली फी सहसा परत येत नाही. म्हणून लिंकवरून ३० टक्केच घ्या. २,४०० वर कपात ५६ रुपये ६४ पैसे. उरलेले ५,६०० पाहुणे आल्यावर खळ्यातल्या क्यूआरवर. रद्द करण्याचा नियम लिंकसोबतच पाठवा, त्यात ‘पेमेंटचा खर्च वजा करून’ हे शब्द हवेत.

मशीनचं भाडं पावसातही चालू

टक्क्यांपेक्षा मोठा खड्डा इथे पडतो. समजा स्वाइप मशीनचं भाडं महिना ४०० आणि पैसे आल्याचं बोलून सांगणाऱ्या स्पीकरचं १००, जीएसटी धरून ५९० रुपये. मे महिन्यात ऑनलाइन १,८०,००० आले: १,२०,००० यूपीआयने, ५०,००० लिंकवर क्रेडिट कार्डाने, १०,००० डेबिट कार्डाने. कपात अनुक्रमे शून्य, १,१८०, आणि ४७ रुपये २० पैसे. भाडं मिळवून १,८१७ रुपये २० पैसे, म्हणजे एकूण रकमेच्या जेमतेम एक टक्का. जुलैत तोच धंदा १५,००० वर येतो, सगळं यूपीआय, एमडीआर शून्य. तरी भाड्याचे ५९० जातातच, म्हणजे जवळजवळ चार टक्के. जलक्रीडा बंद, पाहुणे नाहीत, आणि फुकट म्हणवणारं यूपीआय क्रेडिट कार्डाहून महाग पडतं.

मशीन घेतानाच विचारा: हंगामापुरतं भाडं मिळेल का, चार महिने स्थगित करता येतं का, ठरावीक उलाढालीवर भाडं माफ आहे का. महिन्याला चार-पाचच कार्डं येत असतील तर मशीन परत करा, लिंक पुरते. स्पीकरचं म्हणाल तर गर्दीच्या दुकानात तो भाडं वसूल करतो. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरचा हिरवा टिकमार्क किंवा स्क्रीनशॉट पाहून माल देण्यापेक्षा १०० रुपये बरे.

महिन्यातून एकदा अर्धा तास

ॲपमधून किंवा डॅशबोर्डवरून ‘सेटलमेंट रिपोर्ट’ उतरवून घ्या, नुसतं बँकेचं पासबुक नको. त्यात प्रत्येक व्यवहाराची मूळ रक्कम, फी, जीएसटी आणि यूटीआर, म्हणजे बँकेतल्या जमेचा ओळख क्रमांक, असतो. पासबुकात दिवसभराचे सात-आठ व्यवहार एका आकड्यात येतात आणि शुक्रवारी संध्याकाळचे पैसे बऱ्याचदा सोमवारी किंवा मंगळवारी. आंबा काढणाऱ्यांची मजुरी शनिवारी द्यायची असेल तर हे आधीच धरा. ‘लगेच जमा’ ही सोय मिळते, पण तिचीही वेगळी फी असते.

मग एकूण कपात आणि भाडी यांची बेरीज करून ती मूळ रकमेने भागा. हा तुमचा खरा दर. वहीत विक्री ६,००० लिहायची आणि १४१ रुपये ६० पैसे खर्चात. ५,८५८ ला विक्री दाखवली तर उलाढाल चुकते आणि गेटवेचा आकडा तुमच्या विवरणपत्राशी जुळत नाही. ताळेबंद न ठेवता अंदाजित उत्पन्नावर कर भरणाऱ्या दुकानदाराला एक गोष्ट फायद्याची: रोखीच्या विक्रीवर ८ टक्के नफा धरतात, बँकेमार्फत आलेल्या विक्रीवर ६. दहा लाखांच्या विक्रीत ८०,००० ऐवजी ६०,०००.

अडकलेले आणि परत मागितलेले पैसे

गावात रेंज गेली की गिऱ्हाइकाच्या खात्यातून पैसे जातात आणि तुमच्याकडे पोचत नाहीत. दुकानदाराला केलेलं असं यूपीआय पाच दिवसांत आपोआप परत जायला हवं, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. गिऱ्हाइकाला हे सांगा, पण तुमच्या खात्यात जमा दिसेपर्यंत पेटी गाडीत चढवू नका.

चार्जबॅक वेगळा. कार्डधारक महिन्याभराने बँकेत जाऊन ‘माल मिळाला नाही’ किंवा ‘सडका आला’ म्हणतो, बँक पैसे परत खेचते आणि वर दंडासारखी फी लावते. उत्तराला मोजके दिवस मिळतात आणि ईमेल न पाहिल्याने मुदत उलटून जाते. पेटी बांधताना उघड्या पेटीचा तारखेसह फोटो, कुरिअरची पावती, पोच मिळाल्याची नोंद आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं, एवढं हंगाम संपल्यावरही काही महिने पुसू नका. आंबा पिकायला ठेवायचा असतो हे मुंबईकराला माहीत असतं, पण तक्रार वाचणाऱ्या बँकेच्या कारकुनाला नसतं. ‘आठ दिवस पेंढ्यात ठेवा’ हे पेटीवर छापलेलं असलं तर तो फोटोही पुराव्यात लावता येतो.