काळ्या गाडीवर पाण्याचे ठिपके राहू नयेत म्हणून

नवरदेवाची गाडी लोक बघतात ती भर दुपारी, कार्यालयाच्या दारात. त्या उन्हात काळ्या बॉनेटवरचा पांढरा ठिपका दहा पावलांवरून दिसतो. सोलापुरात लग्नाला गाडी लावायला लागलो त्या पहिल्याच वर्षी मुलीच्या मामांनी बॉनेटवर बोट टेकवून मला विचारलं, "गाडी धुवून आणली नाही का ओ?" धुतली होती. सकाळी दहाला, उन्हात उभी करून, बोअरच्या पाण्यानं. मग वाळेल आपोआप म्हणून मी आंघोळीला गेलो होतो. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. त्यानंतर 14 वर्षांत शिकलो ते सगळं इथं लिहितोय.

आधी पाण्याचं बोलू, कारण ठिपका पाण्यातून येतो. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळं गाडीला बोअरचंच. टीडीएस मीटर बुडवला की आकडा 900 च्या आसपास येतो. म्हणजे एका लिटरमागं 900 मिलिग्रॅम विरघळलेले क्षार. पिण्याच्या पाण्याला भारतीय मानकात 500 पर्यंत चांगलं धरतात, दुसरी सोयच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. पाणी उडून जातं, क्षार जागेवर राहतात. गिझरच्या कॉइलवर बसतो तोच हा थर. थेंब कडेनं आधी वाळतो, म्हणून डाग बांगडीसारखा गोल दिसतो.

मीटर नसेल तर घरात स्टीलचं ताट घ्या, स्वच्छ पुसा, त्यावर तुमच्या पाण्याचे चार थेंब टाका आणि पंख्याखाली वाळू द्या. ताटावर जे उमटेल तेच गाडीवर उमटणार आहे. काही जण आरओचं बाजूला पडणारं पाणी गाडीला वापरतात. फरशी पुसायला ते चालेल, गाडीला नको. आरओ गोडं पाणी काढून घेतो आणि क्षार त्या वाया जाणाऱ्या पाण्यात ढकलतो, म्हणजे ते मूळ बोअरपेक्षाही जड.

धुण्याची वेळ पहाटेची. मी साडेसहापर्यंत शेवटचं पाणी मारून मोकळा होतो. एप्रिल-मेमध्ये साडेसातलाच टपावर हात ठेववत नाही. रात्री उशिरा भाड्यावरून आलेली गाडी असेल तर इंजिनाचा ताव उतरलाय का ते बॉनेटला तळहात लावून बघा. कोमट लागलं तरी थांबा. सावली नसेल आणि उशीर झालाच असेल, तर सगळी गाडी एकदम भिजवू नका. टप धुवा, पुसा, मग बॉनेट घ्या. साबणाचं पाणी वाळलं तर त्याचाही डाग पडतो.

आता शेवटचं पाणी. बहुतेकांच्या हातून इथंच काम बिघडतं. पाइपच्या तोंडावर अंगठा दाबून फवारा मारला की पत्र्यावर हजारो बारीक थेंब बसतात, आणि प्रत्येक थेंब म्हणजे पुढचा एक ठिपका. मी तांब्या वापरतो. पितळी तांब्याची कड टपाच्या अगदी जवळ, चार बोटांवर धरायची आणि पाणी सावकाश, अखंड सोडायचं. धार तुटू द्यायची नाही. पाणी चादरीसारखं एकसंध खाली सरकतं आणि जाताना आजूबाजूचे थेंब ओढून नेतं. पत्र्यावर चांगलं वॅक्स असेल तर मागं जवळजवळ कोरडी जागा राहते. पाइप असेल तर नोझल काढून टाका आणि तशीच हळू धार सोडा. पुसायचं निम्मं काम इथं संपतं, आणि पाणीही कमी लागतं.

उन्हाळ्यात मी यात एक भर घालतो. एसीच्या नळीखाली रात्री बादली ठेवतो. हे हवेतलं बाष्प थंड होऊन पडलेलं पाणी, त्यात क्षार जवळपास नसतातच. माझ्या मीटरवर आकडा 30-40 च्या वर गेलेला नाही. पावसाळी दमट हवेत बादली लवकर भरते, मे महिन्याच्या कोरड्या हवेत तळाशी दोन-तीन तांबेच मिळतात. तेवढे पुरतात. सुती फडक्यातून गाळून घ्यायचे आणि फक्त टप, बॉनेट आणि काचांवरून शेवटी फिरवायचे. पावसाळ्यात गच्चीवर पातेलं ठेवून धरलेलं पाणीही असंच कामाला येतं. पहिल्या पावसाचं मात्र सोडून द्या, त्यात धूळ असते.

कापडाबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे. माझे वडील यंत्रमागावर टर्किश टॉवेल विणायचे. अक्कलकोट रोडच्या कारखान्यात त्यांची तीस वर्षं गेली. सोलापूरच्या चादरीसारखंच इथल्या टेरी, म्हणजे टर्किश, टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे, आणि त्याचा अभिमान आमच्या घरात अजून आहे. त्यामुळं गाडी पुसायला मी दुसरं काही आणीन हे वडिलांना बरीच वर्षं पटलं नव्हतं. एके दिवशी त्यांनीच टॉवेल हातात घेतला, अंगठ्यानं सुताचा एक फेर, म्हणजे टॉवेलवरचा बारीक वळसा, वर उचलला आणि मला दाखवलं. सुताच्या फेरात मातीचा कण अडकला होता. त्यांनी तो नखानं काढला आणि म्हणाले, "अंगाला हा लागणार नाही, रंगाला लागेल." सुताचा फेर अंग टिपायला केलेला. काळ्या रंगावर तो घासला की कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेघा उमटतात, आणि सूर्य डोक्यावर आला की त्या दिसतात.

म्हणून रंगाच्या पत्र्याला मायक्रोफायबर. त्याचा धागा पॉलिस्टर आणि पॉलिअमाइडचा, केसापेक्षा कितीतरी बारीक चिरलेला, पाणी त्या फटींत ओढलं जातं. विकत घेताना जीएसएम बघा, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम. टिपायला मोठा, पिळाच्या फेराचा, 1000 च्या पुढचा टॉवेल. शेवटचा हात फिरवायला 350 च्या आसपासचे दोन लहान. कडेची शिलाई कडक असेल तर घेऊ नका, आणि लेबल मुळापासून कापा. त्या लेबलाच्या कोपऱ्यानं दारावर ओढलेली रेघ मी बघितली आहे. सोलापुरी टॉवेल मी आजही गाडीलाच वापरतो, पण दाराच्या चौकटी, डिकीची कड, चाकं आणि पायपुसण्यांसाठी. नवा असेल तर आधी दोन-तीनदा धुवावा लागतो, त्याशिवाय तो पाणी धरत नाही. जुना बनियन, पंचा, साडीचा तुकडा रंगाला लावू नका. घरातलं वायपरही नको. त्याच्या रबराखाली एक खडा आला की टपाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरखडा पडतो.

पुसताना टॉवेल आधी किंचित ओला करून घट्ट पिळा. अगदी कोरडा टॉवेल सुरुवातीला पाणी नुसतं ढकलतो. मग तो टपावर अख्खा पसरायचा, वरून तळहातानं अलगद दाबायचा आणि दोन कोपरे धरून आपल्याकडं ओढायचा. जोर लावायचा नाही, टॉवेलच्या वजनानंच पाणी निघतं. गोल गोल फिरवायचं तर अजिबात नाही. क्रम असा: टप, पुढची काच, बॉनेट, डिकी, मग बाजूच्या काचा, दारांचा वरचा भाग आणि शेवटी चाकांजवळचा खालचा पत्रा. आडव्या पत्र्यावर पाणी थांबतं आणि ऊनही तिथंच आधी पोचतं, म्हणून आधी वर. खालच्या पत्र्याला माती असते, तिथं लागलेला टॉवेल पुन्हा वर न्यायचा नाही. टॉवेल जमिनीवर पडला तर त्या दिवसापुरता तो बाद.

यानंतर गाडी कोरडी दिसते, पण कोरडी नसते. पाणी आरशाच्या खोबणीत असतं, दाराच्या हँडलमागं, पेट्रोलच्या झाकणाखाली, टेललॅम्पच्या फटीत, नंबरप्लेटच्या मागं. तुम्ही टॉवेल वाळत घालता तेवढ्यात आरशाखालून एक ओघळ दारावर उतरतो आणि तिथंच वाळतो. चारही दारं आणि डिकी उघडा, जोरात लावा, पुन्हा उघडा. चौकटी सोलापुरी टॉवेलनं टिपा. हातातला छोटा ब्लोअर असेल तर आरसे, हँडल आणि पुढच्या जाळीत वारा मारा. नसेल तर गल्लीतून एक फेरी मारून या, दोन-तीनदा हलका ब्रेक दाबा. अडकलेलं पाणी वाऱ्यानं बाहेर येतं आणि ब्रेकच्या डिस्कही कोरड्या होतात, नाहीतर तासाभरात त्यांच्यावर तांबूस गंज दिसतो. आल्यावर लहान कापडानं ओघळ टिपले की झालं. ओल्या गाडीवर कव्हर कधीही टाकू नका.

एवढं करूनही ठिपके राहिले तर वाट बघू नका. त्याच दिवसाचे असतील तर एसीच्या पाण्यानं भिजवलेल्या कापडानं बरेचसे जातात. न गेले तर पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी, कापडावर घेऊन ठिपक्यावर मिनिटभर ठेवायचं, मग भरपूर पाण्यानं धुवून लगेच पुसायचं. सावलीत, गार पत्र्यावर, आणि वाळू न देता. आधी एखाद्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून बघा. संगमरवरी फरशीवर गाडी उभी असेल तर ती आधी हलवा, व्हिनेगर दगड खातं. काचेलाही हेच चालतं. व्हिनेगरनं पांढरेपणा गेला पण गोल खूण राहिली, तर क्षारानं रंगावरच्या पारदर्शक लॅकरला खड्डा पाडलाय असं समजा. ते काम पॉलिशवाल्याचं, घरी घासत बसू नका.

काम झाल्यावर टॉवेल धुवायचे तेही तसेच जपून. मायक्रोफायबर सुती कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकलं की सुताची लव त्याला चिकटते आणि पुढच्या वेळी ती गाडीवर उतरते. वेगळ्या बादलीत, थोड्या पातळ डिटर्जंटनं, कपडे मऊ करणारं कंडिशनर न घालता. कंडिशनरचा थर धाग्यावर बसतो आणि टॉवेल पाणी पिणं सोडतो. सावलीत वाळवायचे, इस्त्री नाही, आणि वाळले की प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद. आमच्याकडं ही घडी अजून वडीलच घालतात, फेर आतल्या बाजूला ठेवून, म्हणजे धूळ बसली तरी पाठीवर बसते.