छंदाच्या प्रोजेक्टवर खरं नाव टाकलंय? निस्तरताना या चुका टाळा

छंद म्हणून लिहिलेला कोड खऱ्या नावाने ऑनलाइन टाकला आणि आता ते नाव तिथे नकोय, तर प्रोफाइलवरचं नाव बदललं, फोटो काढला, की विषय संपला असं समजणं ही सगळ्यात मोठी चूक. तेच नाव कमिटमध्ये (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद), पॅकेजच्या (इतरांना वापरायला दिलेल्या कोडच्या) माहितीत, अ‍ॅपच्या सहीत, डोमेनच्या नोंदीत, कधीकधी तर कंपाइल केलेल्या फाइलीतही बसलेलं असतं. त्यातल्या काही जागी नंतर हात घालता येत नाही.

त्यात मराठी नाव शोधायला फार सोपं. स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि गावावरून पडलेलं ‘-कर’ आडनाव असं तिन्ही लिहिलं, तर तसा दुसरा माणूस सापडणं अवघड. म्हणून आधी शोध घ्या: नाव अवतरणचिन्हांत घालून, देवनागरीत आणि रोमनमध्ये, रोमनची दोन-तीन स्पेलिंगं धरून. जुनं युजरनेम आणि ईमेलही वेगवेगळे शोधा. जिथे जिथे सापडेल त्याची यादी करा. त्याआधी काहीही डिलीट करू नका.

नेमकं काय हवंय हे न ठरवणं

मुलाखत घेणाऱ्याने नाव शोधलं तर गेमचा मॉड (गेममध्ये केलेला फेरफार) पहिल्या पानावर दिसू नये, एवढंच हवं असेल तर काम एका शनिवार-रविवारचं आहे. जुनं नाव आणि नवं टोपणनाव यांचा संबंध कुणालाच लागू नये असं वाटत असेल, तर जुन्या खात्याची डागडुजी करून ते साधत नाही. नवं खातं, नवा ईमेल, नवं युजरनेम लागतं. बहुतेकांना पहिलंच हवं असतं आणि ते धडपड दुसऱ्याची करतात.

युजरनेम बदलून निर्धास्त होणं

गिटहबवर (कोड ठेवायची वेबसाइट) युजरनेम बदललं की रिपॉझिटरीच्या (एका प्रोजेक्टच्या कोडचा साठा) जुन्या लिंक आपोआप नव्या पत्त्यावर जातात. सोय चांगली आहे, पण लपायचं असेल तर घात होतो: खऱ्या नावाची जुनी लिंक दाबणारा थेट टोपणनावावर पोचतो. रिपॉझिटरी दुसऱ्या खात्यावर ट्रान्सफर केली तरी तेच. शिवाय सोडलेलं युजरनेम दुसरं कुणीही घेऊ शकतं. त्याने त्याच नावाची रिपॉझिटरी काढली, तर तुमच्या जुन्या लिंक त्याच्या कोडवर जातील. संबंध तोडायचाच असेल तर कोडची स्वच्छ प्रत नव्या खात्यावर नव्याने पुश (अपलोड) करा आणि जुनी रिपॉझिटरी प्रायव्हेट करा.

कमिटमधला ईमेल विसरणं

प्रत्येक कमिटमध्ये लेखकाचं नाव-ईमेल, कमिट करणाऱ्याचं नाव-ईमेल आणि टाइमझोनसकट वेळ असते. गिटहबवर कमिटच्या पत्त्यापुढे ‘डॉट पॅच’ जोडलं की ईमेल उघडा दिसतो.

गिटहबच्या ईमेल सेटिंगमध्ये दोन खुणा आहेत: ईमेल खाजगी ठेवा आणि ईमेल उघड करणारा पुश अडवा. दोन्ही करा. पहिल्या खुणेचा परिणाम वेबसाइटवरून केलेल्या बदलांवरच होतो. तुमच्या लॅपटॉपवरचं गिट (कमिट नोंदवणारा प्रोग्राम) जुनाच ईमेल लावत राहतं, म्हणून तिथल्या कॉन्फिगमध्येही (सेटिंगच्या फाइलीत) गिटहबने दिलेला, खरा ईमेल झाकणारा ‘नोरिप्लाय’ पत्ता आणि टोपणनाव घाला. ऑफिसचं आणि छंदाचं काम एकाच मशीनवर असेल तर सगळ्या प्रोजेक्टना लागणारं ग्लोबल नाव काढून टाका, ‘इन्क्लूड-इफ’ वापरून फोल्डरनुसार ओळख लावा आणि ‘युझ-कॉन्फिग-ओन्ली’ चालू ठेवा. ते नसेल तर गिट मशीनवरच्या खात्याचं नाव उचलून कमिट करून टाकू शकतं.

जुन्या कमिट्ससाठी ‘गिट-फिल्टर-रेपो’ हे साधन आणि कुठल्या नावाजागी कुठलं घालायचं ते सांगणारी मेलमॅप फाइल वापरतात. पण लेखकाचं नाव हॅशमध्ये (प्रत्येक कमिटचा ओळख-क्रमांक) मोजलेलं असल्याने तिथून पुढचे सगळे हॅश बदलतात, फोर्स-पुश करावा लागतो (जुन्या इतिहासावर नवा चढवावा लागतो) आणि सोबत काम करणाऱ्यांना पुन्हा क्लोन करावं लागतं (पूर्ण प्रत उतरवावी लागते). लोकांच्या फोर्कमध्ये (त्यांनी आपल्या खात्यावर घेतलेल्या प्रतींत) आणि सॉफ्टवेअर हेरिटेजसारख्या कोडच्या संग्रहात जुनं तसंच राहतं. म्हणून एकट्याची रिपॉझिटरी असेल तर इतिहास सोडून एकाच स्वच्छ कमिटने नवी सुरू करणं बरं. बाहेरचे लोक काम करत असतील तर इतिहासाला हात लावू नका, फक्त पुढचं सुधारा.

अ‍ॅपच्या सहीत नाव घालणं

अँड्रॉइडची कीस्टोअर (सहीची की, म्हणजे किल्ली, ठेवणारी फाइल) बनवताना नाव-आडनाव, संस्था, शहर, राज्य विचारलं जातं. घाईत सगळं खरं भरलं जातं आणि प्लेस्टोअरबाहेर वाटलेल्या प्रत्येक एपीकेत (अँड्रॉइडच्या इन्स्टॉल फाइलीत) ते जातं. की बदलली तर फोन अपडेट नाकारतो. आधीचं अ‍ॅप काढून नवं टाकावं लागतं. अँड्रॉइड 9 पासून की बदलायची सोय आहे, पण नव्या सहीसोबत जुन्या सर्टिफिकेटची (ज्यात ते नाव असतं) साखळी जातेच. तेव्हा पहिल्याच दिवशी त्या रकान्यांत प्रोजेक्टचं नाव लिहा.

प्लेस्टोअरवर वैयक्तिक खात्याचं कायदेशीर नाव आणि देश दिसतो. अ‍ॅपमधून कमाई सुरू केली तर पूर्ण पत्ताही. चार पैशांच्या कमाईसाठी घराचा पत्ता जगाला द्यायचा का, हे आधी ठरवा.

पैसे घेताना उघडं पडणं

‘चहासाठी मदत करा’ म्हणून यूपीआयचा क्यूआर लावला की पैसे पाठवणाऱ्याला बँकेतलं नाव दिसतं. यूपीआय आयडी मोबाइल नंबरवरून बनलेला असेल तर नंबरही गेला. टोपणनाव जपायचं असेल तर यूपीआय नकोच.

बाकीच्या फटी

एनपीएमवरून (जावास्क्रिप्टची पॅकेजं ठेवायची जागा) पॅकेज 72 तासांत सहज काढता येतं; नंतर अटी लागतात. पायपीआयवर (पायथनसाठी तशीच जागा) प्रत्येक आवृत्तीसोबत गेलेलं लेखकाचं नाव मागाहून बदलता येत नाही, ती आवृत्ती काढावी लागते. रस्ट आणि गो या प्रोग्रामिंग भाषांच्या बायनरीत (कंपाइल केलेल्या फाइलीत) होम फोल्डरचा मार्ग, म्हणजे लॉगिनचं नाव, राहू शकतं. गोमध्ये ‘ट्रिमपाथ’ हा पर्याय लावून बिल्ड करा. स्वतःच्या नावाचं सबडोमेन (वेबपत्त्याचा उपभाग) काढून त्याला एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट घेतलं की ते सार्वजनिक लॉगमध्ये कायमचं नोंदलं जातं.

कोड इतरांनी कसा वापरायचा ते सांगणाऱ्या लायसन्ससाठी खरं नाव लागतंच असं समजून बरेच जण अडतात. एमआयटी लायसन्सच्या कॉपीराइट ओळीत टोपणनाव चालतं. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात टोपणनावाने प्रसिद्ध केलेल्या कामाची वेगळी तरतूद आहे: प्रकाशनापासून 60 वर्षं संरक्षण. लिनक्स कर्नलनेही (लिनक्सचा गाभा) 2023 मध्ये कोड देणाऱ्यांसाठीची खऱ्या नावाची अट सैल करून ‘ओळखीचं नाव’ मान्य केलं. निनावी मात्र अजून चालत नाही.

गुगलला आधी कळवणं

शोधनिकालातून काढायची विनंती सगळ्यात शेवटी करा. मूळ पानावर नाव असेपर्यंत जुना मजकूर काढायच्या गुगलच्या फॉर्मचा उपयोग होत नाही; पान बदललं किंवा गेलं की मगच तो भरा. वेबॅक मशीनमधल्या (वेबपानांच्या जुन्या प्रतींचा संग्रह) प्रतींसाठी तो चालवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हला ईमेल करावा लागतो. त्यात नेमके पत्ते आणि ते पान तुमचंच असल्याचा पुरावा द्या.