बारावी फिजिक्स: न्यूमेरिकलसाठी लॉग टेबल कसं वापरायचं

महाराष्ट्र बोर्डाच्या बारावी फिजिक्सच्या ७० गुणांच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. तरी वर्षभर सराव मोबाइलवर होतो आणि टेबल उघडलं जातं ते थेट प्रिलिमला. मग सूत्र बरोबर, किमती बरोबर, उत्तर मात्र दहापट चुकलेलं. पहिल्या धड्यापासून प्रत्येक न्यूमेरिकल टेबल घेऊनच सोडवा.

एक उदाहरण पूर्ण करू. ३०० केल्विनला ऑक्सिजनच्या रेणूंचा आरएमएस (रूट मीन स्क्वेअर, म्हणजे वेगांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) वेग हवा आहे. सूत्रात किमती टाकल्या की (३ × ८.३१४ × ३०० ÷ ०.०३२) याचं वर्गमूळ उरतं. मोलर मास किलोग्रॅममध्येच घ्या. ०.०३२ ऐवजी ३२ टाकलं तर वेग सेकंदाला जेमतेम १५ मीटर येतो, म्हणजे रस्त्यावरच्या स्कूटरइतका!

टेबलला हात लावण्याआधी अंदाज करा: ३ × ८ × ३०० म्हणजे ७२००, भागिले ०.०३ म्हणजे २,४०,०००, वर्गमूळ साधारण ४९०. हा आकडा समासात लिहून ठेवा.

आता ८.३१४ चा लॉग. ८३ ची ओळ, १ चा रकाना: ९१९६. त्याच ओळीत उजवीकडे मीन डिफरन्समध्ये ४ च्या खाली २. बेरीज ९१९८, म्हणून लॉग ०.९१९८. ओळीखाली पट्टी धरा. घाईत नजर खालच्या ओळीवर घसरते आणि ही चूक नंतर सापडतच नाही.

३ चा लॉग ०.४७७१, ३०० चा २.४७७१. गुणाकारासाठी लॉग मिळवायचे, भागाकारासाठी वजा करायचे. तिन्हींची बेरीज ३.८७४०. ०.०३२ चा लॉग बार २.५०५१. इथे बहुतेकांचा घोळ होतो: बार म्हणजे उणे, आणि तो फक्त २ वर आहे, ०.५०५१ धनच आहे. म्हणून वजाबाकी अशी: ३.८७४० + २ − ०.५०५१ = ५.३६८९. वर्गमूळ म्हणून निम्मे करा, २.६८४४. अँटिलॉगला (लॉगवरून मूळ संख्या देणाऱ्या टेबलला) फक्त .६८४४ पाहायचं: .६८ ची ओळ, ४ चा रकाना ४८३१, मीन डिफरन्स ४, एकूण ४८३५. पूर्णांक २ आहे, म्हणून दशांशचिन्हाआधी तीन अंक. उत्तर ४८३.५ मीटर प्रति सेकंद, अंदाजाशी जुळतं.

बारची भीती वाटत असेल तर तो येऊच देऊ नका. दहाचे घात बाजूला काढा आणि उरलेल्या आकड्याचाच लॉग घ्या. वर्गमूळ काढायचं असेल तर आधी घात सम करा: ०.००३२४ म्हणजे ३२.४ × १० चा उणे ४ वा घात. ३२.४ चा लॉग १.५१०५, निम्मा ०.७५५२, अँटिलॉग ५.६९१. उत्तर ५.६९१ × १० चा उणे २ रा घात. बार ३.५१०५ चे निम्मे करत बसण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित आहे.

बेरीज-वजाबाकीवर लॉग चालत नाही. हायड्रोजनच्या बामर श्रेणीतली पहिली रेषा काढताना १/४ − १/९ आधी हातानं सोडवा: ५/३६. मग तरंगलांबी = ३६ ÷ (५ × १.०९७ × १० चा ७ वा घात), यात १.०९७ × १० चा ७ वा घात हा रिडबर्ग स्थिरांक. ३६ चा लॉग १.५५६३, ५.४८५ चा ०.७३९२, फरक ०.८१७१, अँटिलॉग ६.५६३. म्हणजे ६.५६३ × १० चा उणे ७ वा घात मीटर, अर्थात ६५६३ अँगस्ट्रॉम, लाल रंग.

२, ३ आणि पाय (३.१४२) यांचे लॉग पाठच असू द्या: ०.३०१०, ०.४७७१, ०.४९७२. लॉगच्या पायऱ्या उत्तरपत्रिकेतच, मुख्य उत्तराखाली लिहा. आणि ६ × ८ ÷ ४ असं काही आलं तर टेबल उघडूच नका.